गरुडाला वल्हं

हेमांगीशी भांडायचं असेल तर पोटभर जेवून जावं, असं आम्ही गरुडवाले एकमेकांना सांगतो. ती दमत नाही, आवाज खाली आणत नाही आणि मुख्य म्हणजे हातातलं काम सोडत नाही. समोरचा तावातावाने मुद्दे मांडत असतो आणि ही बाई मान खाली घालून कुठल्यातरी बोटीच्या वायरलेस सेटवर सोल्डर मारत असते. मग वर बघते आणि विचारते, "झालं बोलून? आता ऐक." तिथून पुढे आपण फक्त ऐकायचं असतं.

वेसाव्याच्या जेटीजवळ तिचं दुकान आहे. बोटींवरचे वायरलेस, जीपीएस, फिश फायंडर, खारं पाणी शिरून मेलेलं काहीही तिच्या टेबलावर येतं आणि बहुतेक वेळा उठून परत जातं. आई जया आयुष्यभर मासळी विकत आली, भाऊ अल्पेश बोटीवर जातो, आणि ही आयटीआय करून दोघांच्या मध्ये हातात सोल्डरगन घेऊन बसली. सुरुवातीला एक नाखवा म्हणाला होता, "बाईने दुरुस्त केलेला सेट भर दर्यात बंद पडला तर?" हेमांगी म्हणाली, "बाप्याने दुरुस्त केलेला बंद पडलाय म्हणूनच इथं आलास ना?" तो नाखवा आजही तिचंच गिऱ्हाईक आहे. त्याने त्यानंतर प्रश्न विचारलेला नाही.

आता गरुड म्हणजे काय ते सांगतो, कारण आमची घरची माणसंसुद्धा अजून विचारतात. पुण्याकडच्या एका कंपनीने ऐंशीच्या दशकात एक घरगुती कॉम्प्युटर काढला होता. नुसता कीबोर्डच, जरा जाडसर. टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा. भरताना तो कुत्र्याची शेपटी दारात अडकल्यासारखा ओरडायचा. कंपनी चार वर्षांत बुडाली. ज्यांच्याकडे गरुड होता त्यांनी तो माळ्यावर टाकला किंवा भंगारात दिला. आणि आमच्यासारख्या काही येड्यांनी तो टाकलाच नाही. माझं घाटकोपरला झेरॉक्सचं दुकान आहे, नाव किरण. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढतो. गरुडासमोर बसलो की वाटतं, हे तरी आपलं आहे. ह्याहून मोठं कारण माझ्याकडे नाही आणि ते कोणाला पटवायची गरजही मला वाटत नाही.

हेमांगीचा गरुड जवळच्याच सात बंगला भागातल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून आला. क्लासवाल्याच्या इन्व्हर्टरचं काम तिने केलं होतं. बदल्यात कोपऱ्यात पडलेला हा डबा मागून घेतला. "दया आली त्याची. धडधाकट असून लोकांनी कामावरून काढलेला," असं ती सांगते.

आम्हा सगळ्यांचं दुखणं एकच होतं. कॅसेटी मरत चालल्या होत्या. टेपेवरचा थर सुटतो, रेकॉर्डरचे पट्टे तुटतात, आणि एकदा कॅसेट गेली की यंत्र चालू असूनही मुकं. मुलुंडच्या यज्ञेशने ह्यावर उपाय शोधून काढला. यज्ञेश चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीत आहे, डोक्याने हुशार आणि मनाने हळवा. त्याने एक बोर्ड आखला. गरुडाच्या मागच्या खाचेत बसवायचा, त्यात मोबाइलमधलं मेमरी कार्ड घालायचं, की कॅसेटची गरजच संपली. शिवाय यंत्राची मेमरीही वाढणार, नवीन टीव्हीलाही ते जोडता येणार. झकास चीज. पण ती तीन वर्षं यज्ञेशच्या लॅपटॉपमध्येच राहिली, कारण असले बोर्ड एकट्यासाठी बनवता येत नाहीत. शंभराच्या घरात ऑर्डर असेल तरच कारखाना दारात उभं करतो.

मग आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनदा वर्गणी काढायचा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा काय झालं ते कुठल्याही सोसायटीच्या माणसाला सांगावं लागणार नाही. "मीपण आहे" म्हणणारे ढीगभर, अंगठे ढीगभर, आणि प्रत्यक्ष वर्गणीची वेळ आली की एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याच्या घरी रंगकाम. मालाडचे एक गृहस्थ तर रोज नवीन सूचना करायचे. त्यांच्याकडे अकरा जुनी यंत्रं आहेत, सगळी काचेच्या कपाटात, आत दिवे लावलेले. आम्ही त्यांना काचकपाट म्हणतो. बोर्डाचा रंग कोणता असावा ह्यावर त्यांनी दोन महिने चर्चा चालवली.

हेमांगी तोवर ग्रुपवर फारसं बोलत नव्हती. एके दिवशी तिचा आवाजी मेसेज आला. मागे बोटीच्या इंजिनाची भडभड आणि पुढे ही. "ऐका रे सगळे. उद्यापासून हे काम मी बघते. यज्ञेश, तुझं डिझाइन दे. बाकीच्यांनी रंगाबिंगाचं बोलू नका, हिरवा होणार. ज्याला यायचंय त्याने वर्गणी आधी द्यायची, सारखी, कोणाला कमी नाय, कोणाला जास्त नाय. एकदा बोटीत पाय ठेवला की तो खलाशी. बोट बुडाली तर सगळ्यांची बुडाली. आणि बोट भरून आली तर जो जो निघाला होता त्याचा वाटा त्याच्या घरी जाणार. तो मधे आजारी पडू दे नायतर मरू दे. आमच्या बोटीवर असंच आहे, इथंपण असंच. पटत असेल तर या."

सगळ्यांनी अंगठे दाखवले. मरण्याबिरण्याचं तेव्हा कोण मनावर घेतो?

बोर्डाला नाव हवं होतं. तिने 'वल्हं' ठेवलं. मी म्हटलं, "अगं, गरुडाला पंख असतात, वल्हं कशाला?"

"पंख कधीच गळलेत त्याचे," ती म्हणाली. "आता वल्हवतच न्यायला लागणार."

काचकपाट तेवढे आले नाहीत. कोळीवाड्यात बसून एक बाई हार्डवेअर बनवणार, ह्याची त्यांनी दुसऱ्या एका ग्रुपवर मस्करी केली. ती फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. हेमांगीने वाचली आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त घाबरवतं.

खरी अडचण निघाली चिपची. वल्ह्याच्या मधोमध एक चिप बसते, आणि ती बनवणं कंपन्यांनी कधीच बंद केलंय. हेमांगीने लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावरून शिल्लक माल शोधून काढला. घरी आणून एकेक चिप तपासली. मेलेल्या वगळून ज्या उरल्या त्या आमच्या खलाशांना बरोब्बर पुरल्या, वर एकही नाही. म्हणजे जितके निघालो तितकीच वल्ही, आणि पुन्हा कधीही नाहीत. ही बातमी फुटली मात्र, आणि आधी तोंड फिरवलेले लोक रांगेत येऊन उभे राहिले. रांगेत पहिले काचकपाट.

मरोळच्या कारखानदाराने तिला आधी बराच झुलवलं. ऑर्डर लहान, आज नको, मोठ्या कंपनीचं काम चालू आहे. ती रोज जाऊन त्याच्या रिसेप्शनमध्ये बसायला लागली. डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण. दुपारी एसीत तो डबा उघडला की काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. त्याच आठवड्यात आमचं काम मशीनवर चढलं.

आणि नेमके तेव्हा तायडेकाका गेले.

सीताराम तायडे, चेंबूर. अकोल्याकडचे, नोकरीसाठी मुंबईत आलेले, खताच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. ग्रुपवर कमी बोलत. कोणी अडचण विचारली की नेमकं उत्तर आणि खाली "जय भीम". गरुड त्यांनी पगारातून पैसे साठवून घेतला होता, आणि हेमांगीच्या हाकेला ओ देणाऱ्यांत ते पहिले होते. झोपेतच गेले. मुलगा सम्यकने त्यांच्याच फोनवरून ग्रुपवर कळवलं.

हात जोडलेल्यांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि ती रांग संपायच्या आत, त्याच दुपारी, एकाने लिहिलं, "फार वाईट झालं. आता त्यांचं वल्हं कोणाला मिळणार?"

मला तो मेसेज वाचून लाज वाटली. हेमांगीला राग आला. तिने लिहिलं, "त्यांच्या घरी."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ग्रुपतर्फे आम्ही दोघंच गेलो. काकांच्या पत्नी वनमालाबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, त्यांच्याशी काही बोलणं झालं नाही. परत येईपर्यंत ग्रुपवर वादाला तोंड फुटलं होतं.

आणि मी खरं सांगतो, वाद अगदीच उथळ नव्हता. यज्ञेशचं म्हणणं असं, की हे बोर्ड यंत्रं जिवंत राहावीत म्हणून बनवतोय. जास्तीचा एकही नाही. ज्या घरात ते लावणारं कोणी नाही तिथे दिला तर तो ड्रॉवरमध्ये पडून मरणार. त्याने सम्यकला फोनही केला होता. सम्यक म्हणाला, घरात आता ते यंत्र कोणी वापरत नाही, बोर्ड खुशाल दुसऱ्याला द्या. इतकंच नाही, काचकपाट यंत्रही न्यायला तयार आहेत, तेही त्यांनाच देतोय. चांगल्या ठिकाणी जाईल.

"मग झालं की," लोक म्हणाले. "घरच्यांचीच हरकत नाही."

"सम्यक निघाला होता का बोटीवर?" हेमांगीने विचारलं. "त्याच्या आईला कोणी विचारलं?"

"आईला त्यातलं काय कळणार?" कोणीतरी लिहिलं.

मग मतदान काढलं. हेमांगी आपटली. तिच्या बाजूने मी आणि आणखी चार-पाच डोकी, बाकी सगळे पलीकडे. निकाल लागल्यावर तिने एवढंच लिहिलं, "बोटीवर मतदान नसतं." आणि ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन अॅडमिनशिवाय सगळ्यांची तोंडं बंद केली. अॅडमिन ती एकटी.

नंतर मला लोकांचे फोन आले. "किरण, समजाव तिला. हुकूमशाही आहे का?" मी म्हटलं, आहे. तुम्ही तिच्या नावेत बसलात तेव्हा विचारायचं होतं.

यज्ञेश मात्र तिला थेट भेटायला वेसाव्याला आला. मी होतो तिथे. त्याचा आवाज कापत होता, कारण त्याला भांडता येत नाही. "हेमांगी, बोर्ड कारखान्यातून कोरे येणार आहेत. त्यात प्रोग्राम मी भरणार. तायडेकाकांच्या बोर्डात मी भरणार नाही. मी तीन वर्षं ह्यावर बसलोय ती त्याचा पेपरवेट व्हायला नाही गं."

तिने हातातला सेट खाली ठेवला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "नको भरूस. कोरा नेऊन देईन. पण त्यांच्याच घरी देईन."

"काय उपयोग?"

"तो माझा प्रश्न नाय यार, आणि तुझापण नाय."

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "यज्ञेश वाईट माणूस नाही. त्याचं चुकलंय काय ते तरी सांग." ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही. मला मागच्या गल्लीत घरी घेऊन गेली. ओट्यावर तिची आई जवळा निवडत बसली होती. "आये, ह्याला बाबाच्या वाट्याचं सांग," असं म्हणून हेमांगी आत चहा ठेवायला गेली.

जयाबाईंनी मान वर न करता सांगितलं. नवरा रामनाथ तिघांच्या भागीदारीतल्या बोटीवर जायचा. मोसमाच्या मध्यावर कावीळ झाली आणि तो गेला. बोट पुढे निघत राहिली, भरून येत राहिली. रिवाजाप्रमाणे मोसम संपेपर्यंत त्याचा वाटा घरी यायला हवा होता. भागीदार आले आणि गोड बोलले. आता घरात बाप्या नाही, एवढ्या मासळीचं तू एकटी काय करणार, पोरं लहान, त्यापेक्षा वाटा आम्ही ठेवतो, वर्षाला तुला लुगडं घेऊ.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बोट लागली तशी मी जाऊन फळीवर बसले. बोटीतून उतरायची फळी. बोलले, माज्यावरून न्या टोपल्या." जयाबाईंनी निवडलेला जवळा सुपात सारला. "ते बोलतात, काय करशील गं एवढ्या मासळीचा? मी बोलले, काय पन करीन. इकीन, वाटीन, दर्यात परत टाकीन. वाटा देताना असा इचारायचा नसतं. इचारलं का मंग ती भीक झाली."

"दिला?"

"न देऊन जातील कुठं? मासळी नासत होती ना."

हेमांगी चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला जे कळायचं होतं ते कळलं होतं आणि चहात आलं जास्त झालं होतं.

महिनाभराने वल्ही आली. हिरवी, छोटी, कडेला बारीक अक्षरांत हेमांगीचं नाव नाही, यज्ञेशचं नाव नाही, नुसतं 'वल्हं' छापलेलं. यज्ञेशने शब्द पाळला. एक सोडून सगळ्यांत प्रोग्राम भरला आणि तो एक तसाच बाजूला ठेवला. हेमांगीने तो कोरा बोर्ड हातात घेतला आणि मला फोन केला. "दुकान बंद कर. चेंबूरला जायचंय."

तायडेंच्या घराचं दार उघडंच होतं. आत शिरलो आणि मी चपराक बसल्यासारखा थांबलो. दाराशीच खोका, सुतळीने बांधलेला, वरून गरुडाचा कोपरा दिसतोय. आणि सोफ्यावर काचकपाट, समोर चहा आणि बिस्किटं. त्याच दिवशी न्यायला आले होते. गाडी खाली उभी होती.

सम्यक चांगला मुलगा आहे. त्याने घाईघाईने खुर्च्या दिल्या. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी सांगितलं होतं यज्ञेशसरांना. हे सर यंत्र घेऊन चाललेत, बोर्डपण त्यांनाच द्या ना."

"ह्यांना द्यायला नाय आले मी." हेमांगी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाली. तिथे वनमालाबाई उभ्या होत्या, हाताला पीठ. हेमांगी सरळ त्यांच्यापुढे गेली. "काकू, हात पुसा."

त्यांनी पदराला हात पुसले. हेमांगीने तो बोर्ड त्यांच्या तळहातावर ठेवला. "काका आमच्याबरोबर निघाले होते. हा त्यांचा वाटा आलाय. आता तुमचा. ठेवा, विका, ह्या सायबांना द्या, खिडकीतून फेका. मी विचारणार नाय."

वनमालाबाईंनी बोर्ड उजेडाकडे धरून उलटापालटा करून बघितला.

काचकपाट घसा खाकरून म्हणाले, "ताई, ह्या वस्तूच्या महत्त्वाची तुम्हाला कल्पना नसेल. माझ्याकडे ती नीट जपली जाईल. काचेत."

"आईला त्यातलं काही कळत नाही," सम्यक म्हणाला. वाईट हेतूने नाही, जसं आपण सगळेच आयांबद्दल बोलतो तसं.

"मले कोणी इचारलं?" वनमालाबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं मुंबईत काढल्यावर त्यांचं बोलणं आमच्यासारखंच झालं होतं. पण रागावल्या तेव्हा अकोला जागं झालं. "यंत्र द्याचं ठरलं, कोणाले द्याचं ते ठरलं. हा खोका माह्याच घरात बांधला आन मले कोणी इचारलं?"

"आई, पण तू कधी त्याला हात तरी..."

"हात लावू देत होते काय तुझे बाबा?" त्या म्हणाल्या. "चांगले होते ते. त्यांच्यासारखा माणूस नाही भेटायचा. पण त्या डब्याजवळ गेली की लगेच, हात लावू नको, बिघडेल. आल्यागेल्याला दाखवायचे, तुला मांडीवर बसवून दाखवायचे. मी बाजूला उभी चहा घेऊन. मले वाटे, एकदा आपणही बटन दाबून बघावं, त्या पडद्यावर काय उमटते ते. धूळ मात्र रोज मी पुसायची. बंद असताना."

माझ्या घरचा गरुड माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी जमिनीकडे बघितलं.

वनमालाबाई आत गेल्या, सुरी घेऊन आल्या आणि खोक्याची सुतळी कापली. काचकपाट अर्धवट उठले. "अहो, जपून, चाळीस वर्षांचं यंत्र आहे, ओल्या हाताने..."

"तुमची गाडी खाली उभी आहे ना?" हेमांगी म्हणाली. "नो पार्किंग आहे तिकडे."

ते गेले. जाताना सम्यककडे अशा नजरेने बघत गेले की जणू त्यानेच त्यांना फसवलं. सम्यक बिचारा आईकडे बघत होता. मग त्याने पुढे होऊन टीव्हीच्या मागची वायर शोधून दिली.

गरुड टीव्हीखालच्या टेबलावर बसला. हेमांगीने नुसतं सांगितलं, हात लावला नाही. मागची खाच कुठे, बोर्डाची कुठली बाजू वर. वनमालाबाईंनी दोनदा उलटा लावला, तिसऱ्यांदा तो टक्कन बसला. बटन त्यांनीच दाबलं. पडदा निळा झाला, कोपऱ्यात पांढरा चौकोन लुकलुकायला लागला. आणि बस. बोर्ड कोरा होता ना. त्याच्या पुढे काही होणारच नव्हतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"नाय," हेमांगी म्हणाली. "ह्याच्यात जीव घालायचा राहिलाय. ज्याने घालायचा तो रुसलाय." तिने यज्ञेशला फोन लावला आणि त्याला काहीही न सांगता फोन वनमालाबाईंच्या कानाला लावला.

पलीकडून तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. इकडचं सगळं ऐकू आलं. "मी वनमाला तायडे. हो, त्यांचीच. तुम्ही म्हणालात म्हणे, आमच्या घरी लावणारं कोणी नाही. मी लावलाय. पडद्यावर चौकोन लुकलुकून राहिला. आता तुम्ही येता, का मी दुसरा माणूस शोधू?"

यज्ञेश मुलुंडहून आला तेव्हा पाठीवर लॅपटॉपची बॅग होती, आणि चेहरा बघवत नव्हता. दारातच त्याने हात जोडले. "काकू, माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"बसा," त्या म्हणाल्या. "पाणी घ्या आधी."

पाणी पिऊन तो म्हणाला, "बोर्ड काढून द्या, पाच मिनिटांत भरून देतो." सवयीने तो पुढे वाकला. वनमालाबाईंनी आपला हात गरुडावर आडवा ठेवला.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "मी काढते. आन काय काय करता ते सांगत सांगत करा, घाई नाही आम्हाला."

यज्ञेशने हात मागे घेतला. त्यांनी बोर्ड काढून त्याच्यापुढे धरला, पण सोडला नाही. बोर्डाचं एक टोक त्यांच्या चिमटीत आणि दुसऱ्या टोकाला यज्ञेशची वायर, अशीच ती भरणी झाली. तो एकेक पायरी सांगत होता आणि त्या मध्येच थांबवून "म्हणजे काय?" विचारत होत्या. कंपनीत मोठ्या साहेबांपुढेही इतकं सोपं करून तो कधी बोलला नसेल. हेमांगी सोफ्यावर पाय वर घेऊन काचकपाटांच्या वाटची बिस्किटं खात बसली.

यज्ञेशने दिलेलं मेमरी कार्ड पोटात घेऊन बोर्ड पुन्हा खाचेत गेला. ह्या वेळी पहिल्याच झटक्यात, सुलटा. पडद्यावर यादी उमटली, आणि खाली प्रश्न, कुठला प्रोग्राम हवा. सम्यक न राहवून म्हणाला, "आई, तीन नंबर दाब, बाबा कॅसेटवरून नेहमी तोच प्रोग्राम..."

"तू गप रे," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सात नंबर दाबला.